एचडीआरला सरसकट बनावट ठरवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतल्या रंकाळ्याच्या फोटोवर दोन वाचकांची नाराजीची पत्रं आपण छापलीत. जांभळं आकाश, पोपटी झाडं आणि तळ्यातल्या संध्यामठाभोवती पांढरी कड पाहून दोघांनीही ‘हा एचडीआर, म्हणजे बनावट’ असा निकाल देऊन टाकला. फोटो बिघडलेला होता, यात वाद नाही. पण एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज) म्हणजे एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून एक करणं, आणि असे तीन एक्स्पोजर जोडले म्हणून तो बिघडला नव्हता. जोडून झाल्यावर सॉफ्टवेअरमधले जे स्लायडर ओढले गेले, त्यांनी घात केला. या दोन गोष्टींची गल्लत झाली की चांगलं तंत्र फुकट बदनाम होतं, आणि ‘एचडीआर चालणार नाही’ अशी अट घालून स्पर्धावाले मोकळे होतात. म्हणून हे थोडं लांबलेलं पत्र.

वेगवेगळ्या उजेडाचे फोटो जोडण्याची गरज जुनीच आहे. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५०च्या दशकात समुद्राची दृश्यं छापताना आकाशासाठी एक निगेटिव्ह आणि पाण्यासाठी दुसरी वापरली, कारण त्या काळच्या काचेवर दोन्ही एकदम उमटत नसत. आपल्याकडच्या डार्करूममध्येही एन्लार्जरखाली हात धरून किंवा पुठ्ठ्याची चकती फिरवून कुठे उजेड कमी, कुठे जास्त द्यायचे. डॉजिंग-बर्निंग म्हणजे तेच. सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवला त्या कोल्हापुरात हे समजावून सांगावं लागू नये. आणि ज्या मोबाइलवरून तक्रारीची पत्रं लिहिली गेली असतील, तो मोबाइलही एका टिचकीत अनेक फ्रेम घेऊन जोडूनच फोटो देतो. फक्त विचारत नाही, एवढंच.

आधी गरज आहे का ते बघावं. सूर्य आपल्या पाठीमागे असताना न्यू पॅलेसचा फोटो काढायचा तर रॉमधली (सेन्सरची जशीच्या तशी नोंद ठेवणाऱ्या फाइलमधली) एक फ्रेम पुरते. काळा दगड गडद दिसतो खरा, पण आजच्या सेन्सरवर आयएसओ (संवेदनशीलता) १००ला काढलेल्या रॉमधून सावलीतले दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) बिनबोभाट उचलता येतात. हिस्टोग्रामचा, म्हणजे गडद ते उजळ भागांच्या आलेखाचा, डोंगर उजव्या भिंतीला न धडकता बसत असेल आणि डावीकडेही ढीग साचत नसेल, तर ब्रॅकेटिंगच्या, म्हणजे उजेड कमी-जास्त करत अनेक फ्रेम घेण्याच्या, नादाला लागू नये. दोन्ही टोकांना एकदम धडक बसते तेव्हाच ही खटपट करावी.

अशी दोन्हीकडून धडक बसणारी जागा पाहायची तर शिरोळ तालुक्यातल्या खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर. स्वर्गमंडपाच्या ४८ खांबांपैकी मधल्या १२ खांबांच्या कड्यावर छत नाही, उघडं वर्तुळ आहे, आणि त्याच्या बरोबर खाली गोल शिळा. दुपारी ऊन त्या शिळेवर पडतं. सभामंडपाच्या आतून बाहेर कॅमेरा धरला तर समोर उन्हातली शिळा, वर आकाशाचा तुकडा आणि दोन्ही बाजूंना अंधारातले कोरीव खांब. ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, आयएसओ १०० धरला तर ढगांचा पांढरा जपायला १/५०० सेकंद लागतो. खांबांवरचं कोरीव काम नीट उमटायला मात्र २ सेकंद. या दोन टोकांत १० स्टॉपचं अंतर आहे.

आता बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. कॅमेऱ्यात ब्रॅकेटिंग लावलेलं असतं अधिक-उणे १ स्टॉपवर, मधला फोटो १/३० चा. म्हणजे हाती येतात १/६०, १/३० आणि १/१५. आकाश तिन्हींत जळालेलं आणि खांब तिन्हींत काळे. हे तीन फोटो जोडले तरी जे कुठल्याच फ्रेममध्ये नाही ते सॉफ्टवेअर आणणार कुठून? मग काहीतरी दिसावं म्हणून स्लायडर शेवटपर्यंत ओढले जातात आणि तिथून पुढे नाद खुळा रंग सुरू होतात. अधिक-उणे २ केलं तरी १/१२५ ते १/८ एवढाच पल्ला मिळतो. आकाश अजून दोन स्टॉपने जळालेलं आणि सावली चार स्टॉपने कमी.

बरोबर पल्ला असा: १/५००, १/१२५, १/३०, १/८, १/२ आणि २ सेकंद. दोन-दोन स्टॉपच्या सहा फ्रेम. कॅमेरा एका वेळी तीनच फ्रेमचं ब्रॅकेट देत असेल तर मॅन्युअल मोडवर दोन फेऱ्या कराव्यात. पहिल्या फेरीत मधला शटर १/१२५, दुसऱ्या फेरीत १/२, दोन्ही वेळा अधिक-उणे २. सहाच्या सहा फ्रेम बिनचूक येतात. काही कॅमेरे ९ फ्रेम देतात, पण त्या एकेक स्टॉपच्या असतील तर एकूण पल्ला ८ स्टॉपच होतो. फायलींची संख्या बघून फसू नये. रॉ असेल तर दोन स्टॉपचं अंतर पुरेसं आहे, तीनचंही चालून जातं. एकेक स्टॉपने फ्रेम वाढवल्या तर कार्ड भरतं, फोटोत सहसा काही भर पडत नाही.

दोन टोकं शोधायला लाइट मीटरची गरज नाही. मॅन्युअलवर चाचणीचे फोटो काढत शटरचा वेग वाढवत न्यावा. हिस्टोग्रामची उजवी बाजू भिंतीपासून सुटली की तो आकडा लिहून ठेवावा. मग वेग कमी करत डावी बाजू भिंतीपासून सुटेपर्यंत जावं, तो दुसरा आकडा. मधल्या फ्रेम त्यावरून आपोआप ठरतात. सूर्यच चौकटीत असेल तर त्याला सोडून द्यावं. सूर्याच्या आत बघण्यासारखं काही नसतं.

बदलायचा तो फक्त शटर. ॲपर्चर बदललं की कुठून कुठवर स्पष्ट दिसतं तेच बदलतं. मग एका फ्रेममधली स्पष्ट कड दुसरीतल्या धूसर कडेवर बसते आणि नक्षी दुहेरी दिसते. ऑटो आयएसओ बंद करावा. तो चालू राहिला तर कॅमेरा शटरऐवजी आयएसओ वरखाली करून ब्रॅकेट पुरं करू शकतो, आणि सावली उघडणारी जी फ्रेम सर्वांत स्वच्छ हवी तीच सर्वांत दाणेदार येते. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, डेलाइटला बांधून ठेवावा. फोकस एकदा घेऊन मॅन्युअलवर टाकावा, नाहीतर अंधाऱ्या फ्रेमला लेन्स फोकस शोधत बसते. कॅननमधलं ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर, निकॉनमधलं ॲक्टिव्ह डी-लायटिंग, दोन्ही बंद. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर लेन्समधलं स्टॅबिलायझेशनही बंद, कारण काही लेन्स हलत नसतानाही हालचाल शोधतात आणि २ सेकंदांच्या फ्रेममध्ये फोटो हलतो. २ सेकंदांचा टायमर लावला की बोटाचा धक्का टळतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत टायमरबरोबर तिन्ही फ्रेम एका दमात निघतात. आणि जेपेग नको. जेपेगमध्ये प्रत्येक फ्रेमवर कॅमेऱ्याने आपला कॉन्ट्रास्ट आधीच चढवलेला असतो, त्यामुळे जोड नीट बसत नाही.

संरक्षित स्मारकात ट्रायपॉड उघडण्याआधी तिथल्या पुरातत्त्व खात्याच्या कर्मचाऱ्यांना विचारावं. नकार आला तर राजमा किंवा वाळू भरलेली कापडी पिशवी जमिनीवर ठेवून त्यावर कॅमेरा बसवावा. खालून वर घेतलेलं ते वर्तुळ बहुतेक वेळा जास्तच चांगलं दिसतं.

जोडण्याचं काम त्या मानाने सोपं आहे. लाइटरूममध्ये सहाही रॉ फायली निवडून फोटो मर्जमधलं एचडीआर घ्यावं. त्याआधी एकेका फ्रेमवर काही काम करू नये. कॅमेरा हातात धरून काढलं असेल तर ऑटो अलाइनवर खूण करावी. ट्रायपॉड घट्ट असेल तर गरज पडत नाही, पण दोन फेऱ्यांच्या मध्ये डायल फिरवताना कॅमेरा केसभर सरकलेला असतो, म्हणून केलेलं बरं. हललेल्या वस्तूंची दुहेरी प्रतिमा काढणारं डीघोस्ट आधी ‘नन’वर ठेवून बघावं. झाडाची पानं, शिखरावरचा भगवा, चालणारी माणसं दुहेरी दिसत असतील तरच ‘लो’ घ्यावं, त्याने भागलं नाही तर ‘मीडियम’. कुठे काम झालं ते लाल पट्ट्यात दाखवायची सोय आहे, ती चालू करून बघावी. डीघोस्ट जिथे लागतं तिथे सॉफ्टवेअर जोड सोडून एकाच फ्रेममधला तुकडा उचलतं. तो तुकडा अंधारातल्या फ्रेमचा निघाला तर नेमका तेवढाच भाग दाणेदार होतो, आणि भिंतीवर मधेच खरबरीत चौकोन दिसतो. ऑटो सेटिंग्जची खूण काढून टाकावी. ते सावली नको तेवढी उचलतं. तयार होणारी डीएनजी फाइल साधी दिसते, पण तिच्यात सहाही फ्रेमचा पल्ला असतो. एक्स्पोजरचा स्लायडर एरवी ५पर्यंत जातो, या फाइलवर तो १०पर्यंत जातो, त्यावरून ओळखावं.

पैसे खर्च करायचे नसतील तर ल्युमिनन्स एचडीआर, डार्कटेबल आणि ह्यूगिन फुकट आहेत. इथे एक फरक लक्षात घ्यावा, कारण वाचकांना खटकलेला ‘एचडीआर लूक’ त्याच्याशी बांधलेला आहे. एक रीत अशी की सर्व फ्रेम आणि त्यांचे शटर यांवरून प्रत्येक बिंदूवर प्रत्यक्ष किती उजेड होता याचा नकाशा बांधायचा. डेबेवेक आणि मलिक यांनी १९९७मध्ये ती नीट मांडली. तो नकाशा पडद्यावर मावत नाही, म्हणून दाबून बसवावा लागतो, त्याला टोन मॅपिंग म्हणतात. ल्युमिनन्समध्ये त्याच्या अनेक पद्धती आहेत. रेनहार्ड सौम्य, मँटियुक जरा करकरीत, आणि फातालने तर देऊळ चित्रकथेतलं वाटायला लागतं. दुसरी रीत एक्स्पोजर फ्यूजनची, २००७मध्ये मर्टेन्स, काउट्झ आणि फान रीथ यांनी मांडलेली. ती उजेडाचा नकाशा बांधतच नाही. प्रत्येक फ्रेममधला जो भाग नीट उमटलाय, ज्यात रंग आणि बारकावे आहेत, त्याला जास्त वजन देऊन थेट मिश्रण करते. ह्यूगिनबरोबर येणारं एन्फ्यूज हेच काम करतं. खिद्रापूरसारख्या ठिकाणी एन्फ्यूजचा फोटो थोडा फिकट येतो, पण भडक होत नाही. रंगांवर ताबा राहत नाही अशी ज्याची तक्रार असेल, त्याने एन्फ्यूजपासून सुरुवात करावी.

आता मूळ वादाकडे. फोटो खरा आहे की बिघडवलेला, हे किती फ्रेम जोडल्या यावर ठरत नाही. उजेडाचा क्रम राखला आहे का, यावर ठरतं. खिद्रापुरात उभं राहिल्यावर आकाश सर्वांत उजळ, मग शिळा, मग मधले १२ खांब, मग मागचे खांब, आणि सर्वांत गडद छताचा आतला भाग. फोटोत ही उतरंड अशीच हवी. अंतर कमी झालं तर चालेल, ते कमी करण्यासाठीच तर सगळा खटाटोप. पण मागचे खांब आकाशापेक्षा उजळ झाले की पाहणाऱ्याला कारण सांगता येत नसलं तरी डोळा लगेच अडखळतो. रंकाळ्याच्या त्या फोटोत नेमकं हेच झालं होतं: मावळतीच्या आकाशापेक्षा त्याच्यासमोरचा संध्यामठ उजळ. सूर्य मागे असताना पुढची भिंत झळकते कशी?

हा क्रम टिकवायचा तर लाइटरूममध्ये हायलाइट उणे ६०च्या आसपास, शॅडो अधिक ३० ते ४०, आणि तिथे थांबावं. शॅडो १००वर नेऊन मग कॉन्ट्रास्ट वाढवणारे बरेच भेटतात. तांबड्या रश्श्यात पाणी ओतून वरून परत तिखट घालण्यातला प्रकार. व्हाइट आणि ब्लॅकचे स्लायडर ऑल्ट दाबून हलवावेत, म्हणजे कुठे पार पांढरं आणि कुठे पार काळं होतंय ते दिसतं. ब्लॅकमध्ये थोडा पार काळा राहू द्यावा. खऱ्या काळ्याशिवाय बेसाल्टचा दगड राख फासल्यासारखा करडा दिसतो. क्लॅरिटी १०-१५च्या वर नको. डीहेझला हात लावू नये, तो आकाश गडद करता करता रंगही गडद करतो. सॅच्युरेशनऐवजी व्हायब्रन्स वापरावा, तोही दहाच्या आत.

संध्यामठाभोवतीची ती पांढरी कड म्हणजे हेलो. देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ शोभते, देवळाच्या शिखरामागे नाही. ही कड येते कुठून? स्थानिक टोन मॅपिंग प्रत्येक बिंदूचा उजेड आजूबाजूच्या सरासरीवरून ठरवतं. गडद शिखराच्या कडेला आकाशाच्या सरासरीत शिखराचा काळाही मिसळतो. ती सरासरी कमी भरल्यामुळे कडेचं आकाश उरलेल्या आकाशाइतकं दाबलं जात नाही आणि उजळ पट्टा उमटतो. रेडियस, स्मूदिंग किंवा स्ट्रेंग्थ अशा नावांचे स्लायडर त्यावर काम करतात. स्ट्रेंग्थ निम्म्यावर आणावी आणि १०० टक्के झूम करून शिखराच्या कडेने एक पूर्ण फेरी मारावी. फिट-टू-स्क्रीनवर ही कड बऱ्याचदा दिसत नाही. छापून आल्यावर दिसते.

दगड निळसर दिसतो त्याचा दोष कॅमेऱ्याला देऊ नये. उघड्या सावलीत पोचणारा उजेड आकाशातून येतो आणि आकाश निळं असतं. सावली अंधारात होती तोवर हा निळा लपलेला होता, ती उचलली की वर येतो. पूर्ण फोटोचा व्हाइट बॅलन्स उबदार केला तर उन्हातली शिळा पिवळी पडते. त्यापेक्षा ल्युमिनन्स मास्कने फक्त सावली निवडून तेवढ्याच भागाचं टेंपरेचर किंचित वाढवावं आणि निळ्याचं सॅच्युरेशन १०-१५ने उतरवावं.

काही प्रसंगी आपोआप जोडणं टाळलेलंच बरं. त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाटावर हजारो पणत्या असतात. ज्योत थरथरते, पाण्यातलं प्रतिबिंब हलतं, माणसं फिरतात. सॉफ्टवेअरने जोडलं की ज्योतींना शेपट्या फुटतात. तिथे दोनच फ्रेम घ्याव्यात, ट्रायपॉडवर, एफ/४, आयएसओ ४००: घाटाच्या पायऱ्यांसाठी साधारण १ सेकंद आणि ज्योतींसाठी १/६०. पणत्या किती दाट आहेत त्यावर हे आकडे सरकतील. फोटोशॉपमध्ये १/६० ची फ्रेम वर ठेवून तिला काळा मास्क लावावा आणि मऊ ब्रशने, ३० टक्के ओपॅसिटीवर, फक्त जळालेल्या ज्योतींवर पांढरा फिरवावा. ज्योत पूर्ण बदलू नये. भोवतीची चकाकी लांब फ्रेममधली राहिली तरच ती पेटलेली वाटते. पूर्वेला फटफटू लागल्यावरची पंधरा-वीस मिनिटं आकाश आणि पणत्या जवळपास जुळतात. तेव्हा एका रॉमध्येही काम होतं.

बातमीच्या फोटोत मात्र ब्रॅकेटिंग नको, या बाबतीत तक्रार करणाऱ्यांशी सहमत. सहा फ्रेम म्हणजे सहा वेगवेगळे क्षण. महापुराच्या पाण्यात माणूस कुठे उभा होता, हे डीघोस्टने ठरवता कामा नये.

शेवटी आपल्या छपाईबद्दल, कारण त्या फोटोचा अर्धा दोष तिथलाही होता. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो. ५० टक्क्यांचा ठिपका कागदावर साधारण ७५ टक्क्यांसारखा गडद दिसतो. चारही रंगांची मिळून एकूण शाईही २४० टक्क्यांच्या आसपास रोखावी लागते. म्हणजे मॉनिटरवर मोठ्या कष्टाने उघडलेली सावली छापताना पुन्हा बुजते. शिवाय पडद्यावरचा तो जांभळा आणि पोपटी चार शायांत बसतच नाही. रूपांतरात त्या रंगाच्या सगळ्या छटा एकाच सपाट डागात गोळा होतात. वाचकांना दिसलेले आकाशातले पट्टे त्यातले असावेत. ८ बिटच्या जेपेगवर ओढाताण केली की असे पट्टे आणखी ठळक होतात, म्हणून शेवटपर्यंत १६ बिटमध्ये काम करावं आणि जेपेग सर्वांत शेवटी काढावा. छपाईसाठी पाठवताना मिडटोन कर्व्हने थोडा उचलावा आणि वर्तमानपत्राच्या प्रोफाइलमध्ये सॉफ्ट प्रूफ (छापल्यावर कसं दिसेल त्याची पडद्यावरची झलक) बघूनच फाइल द्यावी.

आपणही पुरवणीसाठी फोटो मागवताना जोडलेल्या फोटोबरोबर मूळ फ्रेम मागवाव्यात आणि फोटोखालच्या ओळीत ‘सहा एक्स्पोजर, १/५०० ते २ सेकंद’ एवढं छापावं. जागा असेल तर सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद फ्रेम तिकिटाएवढी शेजारी द्यावी. कुणी काय जोडलं आणि कुणी काय ओढलं, ते वाचकांना दिसेल.

कळावे,
एक छायाचित्रकार वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर